कासवाच्या पोटातला सेल

साधनाने शिवलेलं कासव फरशीवर ठेवून चालू केलं, तेव्हा दीड वर्षांची अन्वी आधी घाबरून आजीच्या मागे लपली आणि मग अशी खिदळायला लागली, की अकोल्याच्या त्या घरातली सगळी माणसं आपापली कामं टाकून बघायला आली. कासव हिरव्या फेल्टच्या जाड कापडाचं होतं. त्याच्या पोटात जुन्या मोबाईलमधून काढलेली शेंगदाण्याएवढी मोटर होती, फोन आला की फोन थरथरवते ती. पायांच्या जागी दात घासायच्या ब्रशचे केस लावलेले. बटण दाबलं की कासव घुर्रर्र करत थरथरायचं आणि त्या केसांवर सरकत सरकत थेट भिंतीला जाऊन धडकायचं.

"मावशीनं केलं तुझ्यासाठी," करिश्मा लेकीला सांगत होती. करिश्मा ही साधनाची धाकटी बहीण, लग्न होऊन अकोल्यात आलेली आणि इथेच एका विम्याच्या कचेरीत नोकरीला लागलेली. साधना अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी बायकांचे हस्तकलेचे वर्ग घ्यायची. कापड, सुई-दोरा, एखादी छोटी मोटर, एखादा दिवा, असं जोडून खेळणी करायची हे तिचं वेड होतं.

करिश्माच्या सासूबाई, माणिकबाई, यांनी ते कासव हातात घेऊन उलटसुलट केलं. पोटावरची वेल्क्रोची पट्टी त्यांनी नखाने कुरतडून पाहिली. "हे काय होय?"

"सेल बदलायचा असला की ते उघडायचं, मावशी," साधना म्हणाली.

"बरं," म्हणून माणिकबाईंनी कासव खाली ठेवलं. त्यांच्यात आणि साधनात एवढंच बोलणं व्हायचं. करिश्माच्या लग्नात मानपानावरून साधनाने भर मांडवात त्यांना चार शब्द सुनावले होते. तेव्हापासून माणिकबाई तिच्या मागे तिला 'मास्तरीण' म्हणत आणि समोर आली की मोजकंच बोलत.

साधना संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परतली. दुसऱ्या दिवशी सोमवार. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तिने सहज करिश्माला फोन लावला.

"कासव कसं आहे अन्वीचं?"

"बंद पडलं ना तुझं कासव," करिश्मा हसली. "सकाळी मी निघाली तेव्हा ते घेऊनच बसली होती. आता आमच्या आईंचा घरून फोन आला होता, म्हणे कासवाचं पोट फाटलं. ताई, तू पुढच्या वेळी पक्कं शिवजो बाप्पा."

"पोट फाटलं म्हणजे?"

"उघडलं असेल. ते जाऊ दे. पोरीचे दात येऊन राहिले बहुतेक. सकाळपासून नुसती लाळ गळते, दूध तोंडात घेतलं की थुंकते. आई म्हणत होत्या, घसा धरला असेल."

साधनाच्या हातातला डबा तसाच राहिला.

"करिश्मा, कासवातला सेल कुठे आहे?"

"कोणता सेल?"

"बटन सेल. गोल, चकचकीत, रुपयाएवढा. पोटात होता. कुठे आहे तो?"

"मला काय माहीत? मी ऑफिसमध्ये आहे ना. पडला असेल घरात कुठेतरी."

"तू आत्ताच्या आत्ता घरी निघ. मी मावशींना फोन करते. पोरीने सेल गिळला असेल."

 करिश्मा जरा वैतागूनच म्हणाली, "ताई, तुझं काहीतरीच असतं. गिळला असता तर तिला श्वास नसता घेता आला. ती तर खेळून राहिली."

"श्वास येतो. सेल अन्ननळीत अडकतो, श्वासाच्या नळीत नाही. आणि तिथे ओल लागली की तो जाळत जातो. ऐकते का तू? आतून जाळतो तो. निघ."

साधनाने फोन ठेवला. सेलच्या पाकिटावर एक चित्र होतं, रांगतं मूल आणि त्यावर लाल फुली. ते पाकीट तिने स्वतः फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. असल्या खेळण्यात सेलची डबी स्क्रूने बंद करायची असते, हेही तिला ठाऊक होतं. तशी डबी त्या दिवशी घरात नव्हती. दुकान लांब होतं, आणि रविवारी अकोल्याला जायचं होतं.

माणिकबाईंनी फोन उचलायला वेळ लावला.

"कोण?"

"मावशी, साधना बोलते. अन्वी कशी आहे?"

"बरी हाय. काहून?"

"तिच्या कासवाचं पोट उघडलं आहे ना? आत बोट घालून बघा. गोल, कडक, नाण्यासारखं काही लागतं का?"

"मले कामं हायेत बाई. पोरगी किरकिर करून राहिली, तिले झोपवतो म्हटलं तं..."

"मावशी," साधनाचा आवाज फुटला, "मी तुमच्या पाया पडते. आधी कासव बघा."

पलीकडे पायांचा आवाज आला. अन्वीचं रडणं जवळ आलं, पुन्हा लांब गेलं. त्या रडण्यात एक घोगरेपणा होता, आदल्या दिवशी तो नव्हता. काहीतरी सरकवल्याचा, चादर झटकल्याचा आवाज. साधना शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. मुलं डबे घेऊन तिच्या बाजूने पळत होती.

"नाई," माणिकबाई म्हणाल्या. "तार हाय, थे बारकी मोटर हाय. गोल काई नाई. पलंगाखाली बी पाह्यलं."

"तो तिच्या पोटात गेला असेल, मावशी. गळ्यात अडकला असेल. माझ्या हातून चूक झाली. आता तिला दूध देऊ नका, पाणी देऊ नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. तशीच उचला आणि लेकरांच्या डॉक्टरकडे न्या."

साधनाला वाटलं होतं, आता त्या वाद घालतील. मास्तरीण मला शिकवते का म्हणतील. दात आहेत, घसा आहे म्हणतील. पण माणिकबाईंनी फक्त एक विचारलं.

"किती वेळ हाय आपल्यापाशी?"

"नाही. वेळ नाही."

"निंगाली मी," त्या म्हणाल्या, आणि फोन चालूच ठेवून त्यांनी शेजारच्या कोणाला तरी हाक मारली, "ओ महादेवराव! ऑटो काढा, ऑटो काढा लवकर!"

अकोल्याची बस स्टँडवरून सुटतच होती. साधनाने धावत जाऊन दार धरलं. मुख्याध्यापकांना तिने रिक्षातूनच फोनवर सांगितलं होतं आणि ते काय म्हणाले हे तिला पुढे कधी आठवलं नाही. खिडकीशी जागा मिळाली. बस बडनेऱ्याच्या पुलावरून खाली उतरली तेव्हा करिश्माचा फोन आला. ती आता हसत नव्हती.

"ताई, मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मधाने सेलचं जाळणं जरा मंदावतं, असला तर दोन चमचे चाटवा आणि तडक आणा. आईंनी वाटेत दुकानातून मध घेतला. मी पण निघाली. ताई, तिला काही होणार तर नाही ना?"

"तू पोच आधी."

"ताई, मी विचारलं तुला काहीतरी."

"मला माहीत नाही, करिश्मा."

फोन बंद झाला. काय बोलून गेलो आपण, असं साधनाला वाटलं. पण दुसरं काय बोलणार होती ती? बाहेर कपाशीची काळी वावरं पळत होती. आणि मग एकाएकी तिला दुसरंच काही आठवलं.

कासव एकटं नव्हतं. आदल्याच आठवड्यात तिने अमरावतीत बायकांच्या वर्गात हेच कासव शिकवलं होतं. प्रत्येकीने एकेक करून घरी नेलं होतं. प्रत्येकाच्या पोटात तोच सेल आणि तीच वेल्क्रोची पट्टी. आरती नावाच्या एका बाईने तेव्हा विचारलंही होतं, "बाई, लेकरानं उघडलं तर?" आणि साधना हसून म्हणाली होती, "वेल्क्रो घट्ट असते हो, मलाच जोर लावावा लागतो." सगळ्या हसल्या होत्या. आरतीही हसली होती.

तिने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. शेजारी बसलेला म्हातारा वळून तिच्याकडे पाहू लागला, इतका तिचा आवाज चढला होता. "बायांनो, मी साधना. कासवातला सेल आत्ता, ह्या क्षणी काढून घ्या. लेकराच्या हातात असलं तर हिसकून घ्या. माझ्या भाचीने गिळलाय. सेल काढला की ग्रुपवर लिहा. प्रत्येकीने लिहा."

उत्तरं येऊ लागली. काढला. काढला बाई. आमच्याकडे लहान मूल नाही, तरी काढला. भाची कशी आहे? आरतीने लिहिलं, "काढला. मी त्या दिवशी विचारलं होतं." त्यापुढे काही नाही. साधनाने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

वच्छलाबाईंचं उत्तर आलं नाही. त्या अंजनगाव सुर्जीच्या, लेकीकडे अमरावतीला आल्या होत्या म्हणून वर्गाला बसल्या होत्या. कासव नातवासाठी नेते म्हणाल्या होत्या. साधनाने फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे बस थांबली. पुढे ट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग दूरपर्यंत लागली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. लोक खाली उतरून झाडाखाली उभे राहिले, कोणी तंबाखू मळायला लागलं. साधना उतरली आणि रांगेच्या कडेने पुढे चालत गेली, जणू चालत गेल्याने काही होणार होतं. तेवढ्यात फोन वाजला. माणिकबाईंचा नंबर, पण आवाज पुरुषाचा.

"मी डॉक्टर बोलतोय. खेळणं तुम्ही केलं आहे ना? सेल कोणता घातला होता?"

साधनाने नंबर सांगितला, आकार सांगितला, नवा होता हेही सांगितलं.

"एक्स-रेमध्ये गोल दिसतंय. तुमचा निरोप नसता तर मी नाणंच समजलो असतो, आणि नाणं असतं तर थोडी वाट पाहता आली असती. पण कडेला दुहेरी रेघ आहे. सेलच आहे. अन्ननळीत वरच्या बाजूला. माझ्याकडे दुर्बिणीची सोय नाही. मोठ्या दवाखान्यात पाठवतोय, तिथल्या डॉक्टरांशी बोललोय."

"डॉक्टर, उशीर झालाय का?"

"सकाळी केव्हा गिळला ते कोणालाच माहीत नाही," ते म्हणाले. "आता बोलण्यात वेळ नको."

साधना रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रांगेतल्या एका मोटारीत एक नवरा-बायको बसले होते, त्यांनी तिचं बोलणं ऐकलं असावं. ट्रक बाजूला झाला, तशी बाईने काच खाली केली. "अकोल्यालेच जाऊन राहिलो आमी. बसा मागं." साधना बसली. त्यांनी काही विचारलं नाही. बोरगाव मागे पडलं.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लांब बाकावर माणिकबाई बसल्या होत्या. त्यांच्या लुगड्याच्या पदराला मध लागून तो चिकट झाला होता. करिश्मा समोरच्या बंद दाराला पाठ लावून उभी होती. साधनाला पाहून ती जागची हलली नाही.

"आत नेलं?" साधनाने विचारलं.

"भूल देऊन काढून राहिले," माणिकबाई म्हणाल्या. "सही करिश्मानं केली. शुभम परतवाड्याहून निंगाला हाय."

शुभम करिश्माचा नवरा. तो पोचायला वेळ लागणार होता.

साधना बहिणीजवळ गेली. "करिश्मा..."

"माझ्याशी बोलू नको, ताई." करिश्माचा आवाज अगदी हळू होता. "आत्ता नको. मी काहीतरी बोलून बसेन."

साधना बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्या दाराच्या काचेवर कागद चिकटवलेला होता, आतलं काहीच दिसत नव्हतं. एक नर्स बाहेर आली, करिश्मा दारातून बाजूला झाली, बाकावरच्या दोघी उठल्या. नर्स दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारत पुढे गेली. दोघी पुन्हा बसल्या.

तेव्हा साधनाच्या हातातला फोन थरथरला. अंजनगावचा नंबर. ती धडपडत जिन्याकडे गेली.

"वच्छलाबाई! कासव कुठे आहे?"

"कासव? हाय न घरी. काय झालं व बाई? फोन चार्जिंगले लावून मी वावरात गेली होती."

"नातवाच्या हातात आहे का?"

"थो खेळूनच राहिला त्याच्याशी. काहून?"

"घ्या. त्याच्या हातातून आधी घ्या. मी फोन धरून आहे."

फोनमधून पोराचं भोकाड ऐकू आलं. वच्छलाबाई कोणावर तरी ओरडल्या. मग त्या धापा टाकत परत आल्या. "घेतलं. अर्धी पट्टी त्यानं उखडूनच ठेवली होती बाई. सेल हाय आत. काढला."

"दिसतो तुम्हाला? हातात आहे?"

"हातात हाय. पोरगं हातपाय आपटून राहिलं. पण तुमी रडून काहून राहिल्या?"

साधना जिन्याच्या पायरीवर बसली. जे घडलं ते तिने त्यांना सांगितलं. सांगून होईपर्यंत फोनमधून तो नातू रडताना ऐकू येत राहिला.

ती परत आली तेव्हा दार उघडलं होतं. डॉक्टरीणबाई मास्क खाली करून करिश्माशी बोलत होत्या. त्यांच्या हातात एक पारदर्शक डबी होती आणि डबीत तो सेल. एका बाजूने काळाठिक्कर पडलेला.

"निघाला," त्या सांगत होत्या. "एका बाजूला भाजल्यासारखी जखम आहे. आरपार भोक पडलेलं दिसलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण सेल काढला म्हणजे संपलं असं नाही. जखम पुढे वाढू शकते. नाकातून नळी घातली आहे, तोंडाने काही द्यायचं नाही. पुढचे काही दिवस इथेच. नंतरही काही आठवडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. उलटीत रक्त दिसलं, शी काळी झाली, तर क्षणभर थांबायचं नाही."

"वाचंल ना माही नात?" माणिकबाईंनी विचारलं.

"आज ठीक आहे, आजी. आणखी उशीर झाला असता तर मी असं म्हणू शकले नसते."

करिश्मा तिथेच फरशीवर बसली. साधनाने तिला धरायला हात पुढे केला आणि तो तसाच मागे घेतला.

दिवस मावळायच्या आत शुभम आला. पोरीला अतिदक्षता विभागाच्या काचेतून पाहून तो बाहेर आला आणि साधनासमोर उभा राहिला. तसा तो शांत माणूस, मेव्हणीशी नेहमी आदराने बोलणारा.

"ताई, तुमी तं शिकवता ना हे? तुमाले कळलं नाही?"

"कळत होतं," साधना म्हणाली. "स्क्रूची डबी लावायला हवी होती. मला आणायला जायचा कंटाळा आला."

त्याला बहुधा दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. दुकानदाराचा दोष, नशिबाचा दोष, काहीही. तो मान वळवून निघून गेला. साधनाला हुंदका आवरेना. बाकावर माणिकबाई होत्या, त्यांनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता रडून काय उपेग? जाय, खालून चहा आन. करिश्मानं सकाळपासून पाणी बी पेलं नाई. तुह्या हातचा घेनार नाई थे, माह्याजवळ दे."

साधनाने चहा आणला. माणिकबाईंनी तो सुनेला पाजला.

त्यानंतरचे दिवस साधनाने अकोल्यातच काढले. शाळेतून रजा घेतली. डबे आणले, औषधं आणली, कपडे धुतले. रात्री ती घरी झोपायला जाई आणि सकाळी येई. करिश्मा तिच्याशी कामापुरतं बोलायची, नजर वर न करता. अन्वी नाकातल्या नळीला हात लावायला बघायची, म्हणून तिच्या पंजांना कापडी पिशव्या बांधल्या होत्या. मावशीला पाहून ती त्या बांधलेल्या हातांनी टाळ्या वाजवायची. साधनाला ते बघवत नसे आणि तिथून उठवतही नसे.

पुन्हा तपासणी झाली. एक्स-रेत दिसणारं औषध पाजून अन्ननळीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तो बराच वेळ उजेडात धरून पाहत राहिल्या. करिश्माने शुभमचा दंड घट्ट धरला होता.

"भरून येतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "चमच्याने दूध देऊन पाहा. अगदी थोडं थोडं."

नळी निघाली. करिश्माने वाटी हातात घेतली, पण चमचा भरायचा तिला धीर होईना. तिने वाटी माणिकबाईंकडे दिली. माणिकबाईंनी पदराने हात पुसले आणि पहिला चमचा अन्वीच्या ओठाला लावला.

अन्वीने दूध तोंडात घेतलं आणि धरून ठेवलं. गिळेना. गाल फुगवून ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला ठसका लागला. करिश्माच्या तोंडून आवाज निघाला, शुभम पुढे झाला, साधनाने पलंगाची दांडी घट्ट पकडली. ठसका थांबला. पोरीने तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

"आनखी?" माणिकबाईंनी विचारलं.

अन्वीने तोंड उघडलं.

वाटी अर्धी झाली. मग साधना पिशवी उचलून दाराकडे गेली. शाळेत सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि ग्रुपवर बायांना सांगायचं होतं, की सगळी कासवं परत आणा, पोटाला स्क्रूची डबी लावल्याशिवाय एकही घरी जाणार नाही. आरतीला वेगळा फोन करायचा होता.

"ताई," मागून करिश्मा म्हणाली.

साधना थांबली.

"मला अजून राग आहे तुझा."

"असू दे."

"लवकर जाणार नाही तो."

"नको जाऊ दे," साधना म्हणाली. "मी येत राहीन."

करिश्माने पोरीचं तोंड पुसलं. पाठमोरी राहूनच ती म्हणाली, "आज नको जाऊ. उद्या सकाळच्या गाडीनं जाजो."

साधनाने पिशवी खाली ठेवली.